सुटलेल्या सवयींची पडताळणी

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं ज्या भाषेत आवर्जून सांगितलं जातं, त्या भाषेच्या माणसाला इंग्रजी येणं अवघड आहे. इंग्रजीत खोड जाते. नुसती जात नाही, ती गेल्यावर तिच्याविषयी बोलण्यासाठी तिथे एक खास वाक्यरचना राखून ठेवलेली आहे. पूर्वी आपण अमुक एक गोष्ट नेमानं करत होतो आणि आता करत नाही, एवढं त्या रचनेत सांगता येतं. ज्याच्याजवळ असं सांगण्यासारखं काहीच नाही, त्याच्या प्रगतीत कुठेतरी कसर राहिली आहे, हे उघड आहे.

आमच्या कारखान्यात ताप मोजायचे काचेचे थर्मामीटर तयार होतात. थर्मामीटरवर वाक्य नसतं, शब्दही नसतो. रेघा असतात आणि आकडे असतात, आणि ते जगात कुणालाही वाचता येतात. तेव्हा ते बनवणाऱ्याला इंग्रजी बोलता आलं पाहिजे, हे ओघानंच आलं. परदेशी खरेदीदारांच्या शिष्टमंडळानं तशी इच्छा व्यक्त केली आणि व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी परिपत्रक काढलं : सर्व चौसष्ट कर्मचाऱ्यांनी बारा धड्यांची तोंडी परीक्षा उत्तीर्ण व्हावी, न होणाऱ्यांची सेवा वर्षअखेरीस संपली असं समजण्यात येईल. (परिपत्रक मराठीत होतं, कारण ते सर्वांना समजणं आवश्यक होतं.)

शिकवायला एक सर नेमले. ते उत्साही होते आणि त्यांच्याकडे दोन टाय होते. त्यांच्या हाताखाली प्रगती वेगानं झाली. भविष्यकाळ सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात पार केला. त्यात काहीही कबूल करता येतं आणि काहीही सिद्ध करावं लागत नाही. वर्तमानकाळालाही फार दिवस लागले नाहीत. घोडं अडलं ते आठव्या धड्यावर. त्या धड्याचं नाव होतं, भूतकाळातील सवयी.

अडलं, पण लगेच कुणाच्या लक्षात आलं नाही. पाठ्यपुस्तकात उदाहरण होतं, 'आय यूज्ड टू प्ले द पियानो', म्हणजे मी पूर्वी पियानो वाजवत असे. परीक्षेत चौसष्टांपैकी सत्तावन्न जणांनी हीच सवय सांगितली. उच्चार स्वच्छ होते. शिष्टमंडळाच्या प्रमुख बाईंचे डोळे पाणावले. इतकी माणसं, प्रत्येकाचा पियानो सुटलेला, आणि तरीही इथे निमूट काच फुंकत बसलेली. मायदेशी परतल्यावर त्यांनी कारखान्याला एक पियानो भेट पाठवला.

पुढल्या वर्षी त्या ऐकायला आल्या. व्यवस्थापकांनी सर्वाधिक गुण मिळवलेल्या सहा जणांना पुढे बसवलं. त्यांच्यापैकी एकानं झाकण उघडलं, हे मान्य केलं पाहिजे. त्यापुढे काही झालं नाही. बाई वीस मिनिटं थांबल्या आणि अहवालात त्यांनी एकच ओळ लिहिली, की मालाच्या दर्जाविषयी तक्रार नाही, मात्र कर्मचाऱ्यांचा भूतकाळ विश्वासार्ह नाही. (पियानो आता कँटीनमध्ये आहे. त्यावर बारा डबे बसतात.)

अशा प्रकारे पडताळणी समिती स्थापन झाली, आणि आठवा धडा सर्वांनी त्या वर्षअखेरीपर्यंत पुन्हा, खरोखर सुटलेल्या सवयीनिशी द्यावा असं ठरलं. समितीत तिघं होते : व्यवस्थापक, कारण त्यांच्याशिवाय समिती होत नाही, सर, कारण विषय त्यांचा, आणि प्रयोगशाळेतून मी, कारण कारखान्यात जे काही मोजायचं असेल ते माझ्याकडे येतं. मोजायचं काय, हा प्रश्न मी पहिल्या बैठकीत विचारला. नियम त्यातूनच निघाले, आणि ते मीच लिहिले, त्यामुळे त्यांच्याविषयी अभिमानानं बोलायला हरकत नसावी.

सवय आठवड्यातून किमान एकदा घडलेली असावी. त्याहून कमी असेल तर ती सवय नसून घटना आहे. ती सलग तीन महिने चाललेली असावी. बालपणीच्या सवयी विचारात घेतल्या जाणार नाहीत, कारण बालपणी कुणी काय केलं हे सांगणारे एकतर हयात नसतात किंवा आई असतात. सवय नोकरीच्या काळातच सुटलेली असावी, म्हणजे ती सुटल्याचं कुणीतरी पाहिलेलं असेल. आणि दोन साक्षीदार लागतील. त्यांपैकी एक, त्या सवयीचा त्रास झालेला.

पहिला अर्ज भट्टीवरच्या मामांचा आला. नळीच्या टोकाला फुगा फुंकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी लिहिलं होतं, मी पूर्वी बायकोशी भांडत असे. त्रास झालेली साक्षीदार म्हणून मामींना बोलावलं. त्या पर्स मांडीवर घेऊन समितीसमोर बसल्या.

"तुमचे यजमान पूर्वी तुमच्याशी भांडायचे आणि आता भांडत नाहीत, हे खरं आहे का?" व्यवस्थापकांनी विचारलं.

मामींनी मामांकडे पाहिलं. "कोण म्हणतं?"

"त्यांनीच लिहून दिलंय."

"म्हणजे सव्वीस वर्षं हे भांडले. आणि मी काय करत होते? मुकी होते?"

"अगं, सही कर आणि चल," मामा म्हणाले.

"सही कर काय? घरची धुणी चारचौघांत धुवायची आणि वर मला साबण धरायला बोलवायचं?"

"बघा साहेब, हिचं हे असं असतं..."

"असतं? आत्ता तर म्हणालात, संपलं म्हणून!"

सवय चालू असल्याचं समितीला प्रत्यक्ष आढळलं. अर्ज नामंजूर झाला. जाताना मामी म्हणाल्या, की यांना पास करायचंच असेल तर पूर्वी हे माझं ऐकायचे असं लिहा, त्याला साक्षीदार म्हणून सगळी गल्ली येईल. सरांनी वाक्य तपासलं. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होतं.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे हळूहळू सर्वांना कळलं. तेव्हा आडात आणून टाकण्याचा मार्ग निघाला. ज्यांच्याकडे सोडलेली सवय नव्हती त्यांनी सोडण्यासाठी एक धरायची, तीन महिने इमानदारीनं चालवायची आणि मग सोडायची. सोडण्यासारखी सवय म्हटलं की पहिली आठवते ती सिगारेट. एकूण अकरा जणांनी सिगारेट धरली, मामा त्यांच्यात आले. तीन महिन्यांनी चौघांनी सोडली आणि ते उत्तीर्ण झाले. मामांसकट सात जणांना सुटली नाही. त्यांचं इंग्रजी वर्तमानकाळातच थांबलं, आणि सेवा संपेपर्यंत मधल्या सुट्टीत ते मागच्या दारापाशी उभं राहून खोकत होतं.

बाकीच्यांची आकडेवारी अशी. नऊ जणांनी व्यायाम सोडला (त्यासाठी आधी तो केला, आणि तीन महिने त्यांची तब्येत उत्तम होती). सहा जणांनी पुस्तकं वाचणं सोडलं. पाच जणांनी आईवडिलांना आठवड्याला फोन करणं सोडलं. या पाचांना सर्वाधिक गुण मिळाले, कारण त्रास झालेला साक्षीदार आयताच उपलब्ध होता आणि फोनवर मोकळेपणानं बोलत होता. शेवटी, वर्ष संपायला चार महिने उरले असताना, मामांची ही सात जणांची गँग सोडली तर एकच नाव शिल्लक राहिलं. ते चाळीसताईंचं.

चाळीसताई तपासणीच्या टाकीवर बसतात. टाकीतलं पाणी बरोबर चाळीस अंशांवर ठेवलेलं असतं, म्हणून हे नाव. त्या तेवीस वर्षांच्या होत्या तेव्हापासून त्यांना चाळीसताई म्हणतात, आज त्या पंचेचाळीस वर्षांच्या आहेत. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत आणि सहावीतली मुलगी आहे. मिळवणारं दुसरं कुणी नाही.

त्यांचं काम वरवर सोपं आहे. पन्नास थर्मामीटरची चौकट टाकीत बुडवायची, तीन मिनिटांनी काढायची, भिंगातून एकेक वाचायचा. चाळीस दाखवतो तो पुढे, नाही तो बाजूला. नंतर सगळे झटकून पुन्हा बुडवायचे आणि पुन्हा वाचायचे. दुसऱ्यांदा वाचा, असं कारखान्याच्या कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्या ते बावीस वर्षं आपल्या आपण करत आल्या होत्या.

समितीसमोर त्या हात पदराला पुसत आल्या. हात ओले नव्हते. ती त्यांची सवय आहे आणि ती चालू आहे.

"ताई, आठवा काहीतरी," सर म्हणाले. "पूर्वी करत होता आणि आता करत नाही असं."

त्यांनी खरोखर आठवलं. आम्ही वाट पाहिली.

"सायकलनं यायचे, असं म्हणू का?"

"म्हणा की!"

"पण अजून सायकलनंच येते. ती काय, फाटकापाशी आहे."

"बरं, गाणं वगैरे? विणकाम?"

"विणकाम करते."

"मग एखादी नवीन सवय धरा. तीन महिने करायची, सोडून द्यायची. सगळ्यांनी तेच केलंय."

"तेच तर भ्या वाटतं, सर," त्या म्हणाल्या. "मी धरलं की मला सुटत नाही. नापास होईन ते होईन, वर आणखी एक काम गळ्यात पडायचं."

सरांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. व्यवस्थापक मात्र विचार करत होते. त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही प्रत्येक थर्मामीटर दोनदा का बघता हो?"

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. थर्मामीटरच्या फुग्याच्या जरा वर नळी एका जागी चिमटलेली असते. पारा त्या चिमट्यातून वर चढतो, पण आपला आपण खाली उतरू शकत नाही. म्हणूनच तोंडातून काढलेला थर्मामीटर खिडकीपाशी नेऊन निवांत वाचता येतो. हजारांत सातेक नळ्यांचा चिमटा सैल राहतो. त्यांतला पारा बाहेर काढल्याबरोबर गुपचूप मागे सरकतो, कधी एक अंश, कधी दोन-अडीच. असा थर्मामीटर पहिल्या वेळी बहुधा सांभाळून घेतो. झटकून पुन्हा बुडवला की उघडा पडतो.

चाळीसताईंनी हे इतक्या शब्दांत सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "एकदा खरं कुणीही बोलतं, साहेब. नेहमी बोलतं का, ते दुसऱ्यांदा कळतं."

"म्हणजे ही तुमची सवय आहे."

"आता सवयच म्हणायची."

"सोडा मग."

त्या हसल्या. कुणी चेष्टा केली की माणूस हसतं तसं. मग त्यांनी आम्हा तिघांकडे पाळीपाळीनं पाहिलं आणि हसायच्या थांबल्या.

"आणि सात?" त्यांनी विचारलं. "हजारातले सात?"

"नऊशे त्र्याण्णव चांगलेच आहेत ना?" व्यवस्थापक म्हणाले. "अहो ताई, नोकरी जाईल तुमची. त्या सातांपैकी एक तरी येणार आहे का तुमच्या घरी पीठ घेऊन?"

त्यांनी एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी अर्ज आला. अक्षर नेहमीसारखं होतं, सुटं आणि सरळ. सवय : प्रत्येक वस्तू दोनदा तपासणे. कालावधी : बावीस वर्षे. त्रास झालेला साक्षीदार या रकान्यात व्यवस्थापकांनी स्वतः सही केली. दुसऱ्या वाचनामुळे माल दुप्पट वेळ अडकत होता, तेव्हा त्रास खरा होता. दुसरी साक्षीदार मी.

सवय सुटत असल्याचं निरीक्षण बारा आठवडे करायचं होतं. त्यासाठी टाकीच्या डाव्या बाजूला एक खुर्ची ठेवण्यात आली आणि रोज तीन तास मी तिच्यावर बसले. चौकट एकदा वाचून झाली, की ताईंचा उजवा हात झटकण्यासाठी पुढे जाई. मी वहीत रेघ मारी. हात परत येई. पहिल्या आठवड्यात हात एकशे चौदा वेळा पुढे गेला. दुसऱ्या आठवड्यात सत्त्याहत्तर. तिसऱ्या आठवड्यात तो आकडा एकदम नऊवर आला, तेव्हा मला संशय आला. पाहिलं तर त्या हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. दाबलेला हात सुटलेली सवय दाखवत नाही, हे मी त्यांना समजावलं आणि तो आठवडा पुन्हा मोजला. नवव्या आठवड्यात चार. दहाव्यात दोन, अकराव्यात एक. बाराव्यात शून्य. आलेख काढला तेव्हा तो इतका नितळ आला, की मी तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला आहे. कामाच्या आयुष्यात असा आलेख फार वेळा मिळत नाही.

या काळात त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. सहाव्या आठवड्यात, चौकट पुढे सरकवताना, त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहितीय ना, मॅडम, चिमट्याचं?"

मी म्हटलं, "निरीक्षण चालू असताना बोलता येत नाही, ताई."

ते खरंच होतं. मी नियमात लिहिलं होतं.

परीक्षेला शिष्टमंडळाच्या प्रमुख बाई स्वतः आल्या. चाळीसताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपलं वाक्य म्हटलं, 'आय यूज्ड टू चेक एव्हरीथिंग ट्वाइस.' एकही अडखळ नाही. बाईंनी कागद पाहिला, साक्षीदारांच्या सह्या पाहिल्या, आलेख पाहिला. "ब्यूटिफुल," त्या म्हणाल्या. हे त्या वाक्याला म्हणाल्या की आलेखाला, ते कळलं नाही. दोन्ही पात्र होते. मग त्यांनी उत्सुकतेनं काहीतरी विचारलं. सरांनी भाषांतर केलं, की तुम्ही ती सवय का सोडली, असं बाई विचारतात. ताईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी नम्रपणे खुलासा केला, की हा प्रश्न आठव्या धड्यात येत नाही. त्या पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाल्या.

टाकीवरून माल दुप्पट वेगानं जाऊ लागला. व्यवस्थापकांनी एकदाच वाचण्याची पद्धत कागदावर आणली, म्हणजे पुढे येणाऱ्या कुणाला दुसऱ्यांदा वाचण्याची खोड लागणार नाही. वर्षअखेरीस विक्री विभागानं ग्राहकांची पाहणी केली, तेव्हा एक सुखद गोष्ट समोर आली. ज्या घरांत आमचे नवे थर्मामीटर गेले होते, त्या घरांत तापाचं प्रमाण थोडं घटलं होतं. औषधावाचून इतका गुण आजवर कुणाला साधलेला नाही. ही बाब माहितीपत्रकात ठळक अक्षरांत घेतली आहे.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी चाळीसताई चार दिवस कामावर आल्या नाहीत. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेत आल्या आणि माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. मुलगी दवाखान्यात होती. सोमवारी ती म्हणाली होती, अंग दुखतंय. ताईंनी घरातला थर्मामीटर लावला. आमचाच, गेल्या महिन्यात कर्मचाऱ्यांना वाटलेला. सदतीस आला. मुलगी शाळेत गेली. मंगळवारी सदतीस, बुधवारी सदतीस. गुरुवारी ती वर्गात बाकावरून खाली घसरली. दवाखान्यात एकोणचाळीस पूर्णांक सहा निघाला.

"आता?" मी विचारलं.

"उतरतोय. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस वाया घालवलेत."

"कपाळ गरम लागलं नाही का?"

"लागलं की. चांगलं तव्यासारखं लागलं. पण काच सदतीस म्हणत होती. बावीस वर्षं मीच काच तपासतेय, मॅडम. काचेवर नाही विश्वास ठेवायचा तर कुणावर, हातावर?"

"मग झटकून दुसऱ्यांदा नाही का लावलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भिंगातून वाचताना असतो तसा चेहरा होता.

"सुटली ना सवय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर सही केलीत."

आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली म्हणून टाकीवर गेल्या. निरीक्षण कारखान्याबाहेरही अचूक ठरल्याची नोंद समितीच्या पुढच्या बैठकीत घेण्यात आली. मुलगी बाराव्या दिवशी घरी आली.

आमचा माल सगळीकडे जातो. तुमच्याकडेही एक असेल, औषधांच्या डब्यात, कात्रीच्या खाली. त्याच्या खोक्यावर दर्जाची हमी आहे आणि ती देणाऱ्या चौसष्टांपैकी सत्तावन्न जण त्याविषयी अस्खलित इंग्रजीत बोलू शकतात. तो चांगलाच निघेल. नऊशे त्र्याण्णव चांगले असतात. सकाळी मूल म्हणतं, अंग दुखतंय. तुम्ही थर्मामीटर लावता, घड्याळाकडे बघत खिडकीपाशी नेता, सदतीस वाचता आणि म्हणता, काही नाही, नाटकं आहेत, घाल बूट. आणि एकदाच पाहायला शिकवण्यासाठी तुमच्या शेजारी कुणाला बारा आठवडे खुर्ची टाकून बसावं लागलं नव्हतं.